कोजागिरीच्या प्रश्नमंजूषेला काय विचारावं?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: नाशिकला इंदिरानगरात सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला खाणं, आरोग्य आणि सणवार यांवर गमतीची प्रश्नमंजूषा ठेवायची आहे. साठेक माणसं येणार, तिसरीतल्या पोरांपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत. मागच्या वर्षी मोबाइलवर फिरणारे प्रश्न जसेच्या तसे घेतले, त्यातली दोन उत्तरं चुकीची निघाली आणि भर कार्यक्रमात वाजलं. यंदा काय विचारावं?

मी आहारतज्ज्ञ आहे. नाशिकमध्ये बावीस वर्षं प्रॅक्टिस करते आणि महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळा असं जिथे बोलावतील तिथे व्याख्यानाऐवजी प्रश्नमंजूषाच घेते. व्याख्यानात माणसं पेंगतात, प्रश्नाला जागी होतात. तुमच्यासारखं तोंडघशी पडण्याचा अनुभव मलाही आहे. तेव्हापासून मी एक चाळणी लावते. उत्तर ऐकल्यावर माणूस घरी जाऊन डबा उघडून, नोट काढून, नाहीतर कॅलेंडर उलटून ते पडताळू शकतो का? हो असेल तर प्रश्न ठेवायचा. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ एवढ्यावरच उभा असलेला प्रश्न टाकून द्यायचा. या चाळणीतून फिरते निरोप फारसे खाली येत नाहीत.

सुरुवात त्या रात्रीच्या दुधापासूनच करा. चांदण्यात ठेवलेल्या दुधात ड जीवनसत्त्व उतरतं, खरं की खोटं? निम्मे हात ‘खरं’ला वर जातील, बघा. चांदणं म्हणजे चंद्रावर पडून परत आलेलं ऊनच, पण पौर्णिमेचा चंद्रसुद्धा सूर्यापेक्षा साधारण चार लाख पटींनी मंद असतो. ड जीवनसत्त्व आपल्या कातडीत तयार होतं आणि त्याला उन्हातले अतिनील किरण लागतात. तेव्हा पातेलं रात्रभर गच्चीत ठेवलं तरी दुधात उतरणार ती धूळ आणि एखादं पाखरू. आजी लोक नाराज होतील, त्यांना लगेच दुसरा प्रश्न द्या: ‘कोजागिरी’ शब्द कुठून आला? ‘को जागर्ति’, म्हणजे कोण जागं आहे, असं लक्ष्मी विचारत फिरते, त्यावरून. हे त्यांना येतंच, आणि मैफल पुन्हा जमते.

दुधातल्या जायफळाकडे वळा. जायफळ आणि जायपत्री ही दोन वेगळी झाडं की एक? एकच. एकाच फळातली बी म्हणजे जायफळ आणि त्या बीवरचं लाल जाळीदार आवरण वाळवलं की जायपत्री. पण माझा आवडता भाग पुढे आहे. एके काळी जायफळ जगात फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर व्हायचं आणि त्यासाठी डच आणि इंग्रज एकमेकांच्या जिवावर उठले होते. १६६७ साली ब्रेडा इथे तह झाला. त्यात रन नावाचं जायफळाचं चिमुकलं बेट डचांकडे राहिलं, आणि त्यांची अमेरिकेतली एक वसाहत इंग्रजांकडे राहिली. ती वसाहत म्हणजे आजचं न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन! जायफळ हातात धरून हा प्रश्न विचारा, दहावीतली मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात. एक सूचना मात्र द्या. जायफळ किसणीवर दोनदा घासलं की पुरे. झोप चांगली लागते म्हणून चमचाभर घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. जास्त जायफळ विषारी असतं: उलट्या, धडधड, भ्रमसुद्धा होतो.

केशराचं थोडक्यात आटपा. एका फुलात तीनच काड्या असतात आणि एक किलो केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात. बाटलीवरची किंमत मग जास्त वाटत नाही, निदान दोन मिनिटं तरी.

आता कार्यक्रमाचा गाभा. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या आणि गटांना सांगा, यातले भारताबाहेरून आलेले जिन्नस ओळखा. लोक बटाट्यापाशी थांबतात. खरी यादी अशी: साबुदाणा होतो कसावा नावाच्या कंदापासून, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथलाच, हिरवी मिरचीही अमेरिकेतलीच. यातलं बरंचसं पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर इकडे आलं. ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज आहे. जिरंसुद्धा मूळचं पश्चिम आशियाकडचं. राहता राहिलं तूप आणि मीठ, तेवढं आपलं! रताळं आणि राजगिरा पुढे कराल तर तेही अमेरिकेतलेच. थोडक्यात, आपल्याकडे उपवासाला गहू, तांदूळ, डाळ चालत नाही आणि परदेशातून आलेलं बहुतेक सगळं चालतं. हे ऐकून एका मंडळात एक काकू मला म्हणाल्या, “मग देवाला पासपोर्ट दाखवायचा का?” मी म्हटलं, देवाचं काही म्हणणं नाही, मिरची येण्याआधी लोक मिरी घालूनच उपवास करत होते, एवढंच सांगायचंय.

इथे आहारतज्ज्ञ म्हणून मला थांबावंच लागतं. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण साडेतीनशे कॅलरी असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. तो जवळपास निव्वळ स्टार्च आहे. खिचडीची लाज राखतो तो दाण्याचा कूट. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणून कूट सढळ घाला, साबुदाणा आखडा. मधुमेही मंडळी ‘आज उपवास आहे, फक्त दोन वाट्या खिचडी खाल्ली’ असं सांगत माझ्यासमोर साखरेचा रिपोर्ट ठेवतात, तेव्हा ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काढणाऱ्याला दंडवत घालावासा वाटतो.

मग खरंच इथला उपवासाचा पदार्थ कुठला? भगर. वरई, वरीचे तांदूळ, भगर हे सगळं एकच, आणि हे बारीक तृणधान्य भारतात फार जुनं आहे. नाशिककरांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही, कारण पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर नागलीबरोबर वरई पिकते आणि भगर मिलचं नाशिक हे मोठं केंद्र आहे. वरईचं टरफल चिवट असतं. पूर्वी ते उखळात कांडायचे, आता मिलमध्ये निघतं. नवरात्रात दरवर्षी भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात, त्याचं कारण भगर नव्हे, तिच्यावरची बुरशी. ओलसर जागी ठेवलेल्या भगरीवर आणि त्यातही तिच्या पिठावर बुरशी चटकन धरते आणि तिचं विष शिजवूनही जात नाही. सुटं पीठ आणू नका. बंद पाकिटातली भगर तारीख बघून घ्या, निवडा, धुवा आणि लागेल तेवढंच पीठ घरी दळा. हे प्रश्न म्हणून विचारायचं नसलं तरी माइकवरून सांगाच.

गावचे प्रश्न हवेतच. द्राक्षाचा एक: द्राक्षावर पांढुरकी पावडर दिसते ती काय? ‘औषध’ असं उत्तर एका सुरात येईल. बहुतेक वेळा ती द्राक्षाची स्वतःची मेणाची साय असते. फळातलं पाणी उडू नये म्हणून वेल ती धरते, आणि बोट फिरवलं की पुसली जाते. औषधाचे डाग वेगळे दिसतात, थेंबाथेंबांचे. धुऊन खायचंच, पण साय दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, उलट द्राक्ष ताजं असल्याची ती खूण. दुसरा: सीडलेस द्राक्षाला बी नसते, मग नवी बाग लावतात कशी? काड्यांपासून, कलम करून. बहुतेक बागांत खाली मुळांसाठी डॉगरिज या द्राक्षजातीचा खुंट आणि वर हव्या त्या जातीची काडी असते. तिसरा प्रश्न पिंपळगाव-दिंडोरीकडचे पाहुणे असतील तरच काढा, ते इतरांना बोलूच देणार नाहीत: बाग वर्षातून किती वेळा छाटतात? दोनदा. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, आणि पीक एकदाच. युरोपातला वेल बर्फात आपोआप झोपतो. आपल्याकडे त्याला कुणी झोपवत नाही, म्हणून कात्रीनं नवी सुरुवात करून द्यावी लागते.

त्याच बागेत मणी मोठा व्हायला शेतकरी ‘जीए’ देतात. हे जिबरेलिक आम्ल मुळात सापडलं भाताच्या एका रोगात. जपानमध्ये भाताची काही रोपं वेड्यासारखी उंच वाढून आडवी व्हायची, तिथले शेतकरी त्याला ‘मूर्ख रोपांचा रोग’ म्हणत. १९२६ साली कुरोसावा या संशोधकाने दाखवलं की ही करामत एका बुरशीतल्या रसायनाची आहे. पुढे तेच रसायन वेगळं काढलं गेलं आणि आज आपल्या द्राक्षाला लांबट टपोरा आकार देतं.

लासलगावचा कांदा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिथला प्रश्न आंब्यावर विचारा. कोकणातला हापूस अमेरिकेला जाताना लासलगावला का गेला? लोक बुचकळ्यात पडतात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र आहे, २००२ मध्ये सुरू झालेलं. ते उभारलं कांद्याला कोंब फुटू नयेत यासाठी. पण अमेरिकेला धास्ती आंब्याच्या कोयीतल्या भुंग्याची आणि फळमाशीची. गॅमा किरणांतून काढलेला आंबाच घेऊ, अशी त्यांची अट होती. २००७ साली आंबा पुन्हा अमेरिकेला निघाला तो या लासलगावहून. किरणांतून गेलेला आंबा किरणोत्सर्गी होतो का, हा पुढचा प्रश्न हमखास येणार. होत नाही. दिव्याखाली ठेवलेली वाटी अंधारात उजेड देत नाही, तसंच.

कांदा चिरताना पाणी का येतं, हेही विचारा, पण ‘झणझणीत वास’ या उत्तराला पूर्ण गुण देऊ नका. अख्ख्या कांद्यात तो झोंबणारा पदार्थ नसतोच. सुरीनं पेशी फुटल्या की वेगवेगळ्या कप्प्यांतली रसायनं एकत्र येतात आणि तिथल्या तिथे गंधकाचा एक वायू तयार होतो. हे काम करणारं विकर (एन्झाइम) जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधलं आणि २०१३ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. उपाय घरगुतीच आहे. कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि सुरीला धार लावा. बोथट सुरी जास्त पेशी चिरडते, म्हणून जास्त रडवते.

मिसळीवर इथल्या कुठल्याही गच्चीत मत द्यायला माणसं कमी पडणार नाहीत, पण चांगलं दुकान कुठलं हा प्रश्न चुकूनही काढू नका, कार्यक्रम तिथेच संपेल. त्याऐवजी विचारा, मिसळीबरोबर लिंबाची फोड का? चवीसाठी, हे अर्धं उत्तर. मटकीतलं लोह शरीराला सहजी मिळत नाही, लिंबातलं क जीवनसत्त्व ते मिळवून देतं. मोड आणण्यातही हेच शहाणपण आहे. मोड येताना लोह अडवून धरणारे घटक कमी होतात आणि गॅस करणाऱ्या शर्कराही घटतात. मिसळीनंतर चहा मात्र तासाभराने घ्या, कारण चहातलं टॅनिन तेच लोह परत अडवतं. हे मी गेली बावीस वर्षं सांगतेय आणि कुणीही ऐकलेलं नाही. मी स्वतःसुद्धा नाही.

दिवाळी जवळच असेल, तर फराळाचा एक प्रश्न ठेवा. दुबईच्या मुलीला फराळ पाठवताना कुठला पदार्थ तिला अडचणीत आणू शकतो? अनारसा! त्यावरची खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातली बी. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, पण संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूरमध्ये न्यायला बंदी आहे. खसखशीनं नशा होत नाही, पण ती भरपूर खाल्ल्यावर लघवीच्या तपासणीत अफूचे अंश सापडू शकतात. अनारसा ‘हसतो’ म्हणजे काय, हे लहान मुलांना विचारा. ती खरंच हसणारा चेहरा काढून दाखवतील. मग आज्यांना बोलू द्या: पीठ सैल झालं किंवा गूळ जास्त पडला की तुपात सोडल्यावर अनारसा विरघळून फुटतो, तो हसला म्हणायचं. हसू त्याचं, रडू आपलं.

हिंगाचा प्रश्न डॉक्टर मंडळींनासुद्धा चकवतो. डबीतल्या हिंगात सगळ्यात जास्त काय असतं? बहुतेक वेळा पीठ. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक घालून बांधतात. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेननं आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या माणसाने सगळी पथ्यं पाळूनही त्रास होत राहिला, तर मी आधी हिंगाची डबी मागवते. आणि इतका हिंग खाणारा आपला देश तो पिकवत नव्हता. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडून यायचा. लाहौल खोऱ्यात पहिली रोपं लावली गेली ती ऑक्टोबर २०२० मध्ये.

सणवारात सगळ्यात जास्त गलका होणारा प्रश्न संक्रांतीचा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, हे आपल्याला पाठ आहे. त्या दिवशी संक्रांत होती का? सगळे ‘हो’ म्हणतील, भाषणांतही तसंच ऐकलेलं असतं. पण संक्रांत चौदा तारखेला चिकटलेली नाही. सूर्य मकर राशीत जाण्याची वेळ आपल्या इंग्रजी कॅलेंडरात साधारण बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. म्हणून हल्ली काही वर्षी ती पंधराला येते, २०२४ मध्ये आली तशी. मागे जाल तसतशी ती अलीकडे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा, आणि तारीख आहे १२ जानेवारी. आणखी शंभर वर्षं मागे गेलात तर १७६१ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते, लढाईच्या तीन-चार दिवस आधीच. मराठी फौजेवर संक्रांत आली ती अर्थानं, तारखेनं नव्हे. हे उत्तर देताना कागदावर ही वजाबाकी लिहून न्या. माझ्याशी यावर एका निवृत्त शिक्षकांनी पाऊण तास वाद घातला होता, विवेकानंदांची तारीख दाखवल्यावर ते शांत झाले आणि मग म्हणाले, “हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो.”

आरोग्यातले दोन प्रश्न ज्येष्ठांसाठी. गोल्फ क्लब मैदानावर रोज दहा हजार पावलांचा हिशोब ठेवणारे तुमच्याकडेही असतील. हा आकडा कुठून आला? १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलं मोजणारं’. आकडा जाहिरातीतला, वैद्यकातला नव्हे. त्याहून कमी चालण्याचाही फायदा होतोच, तेव्हा सात हजारांवर थकलेल्या आजोबांना टोचू नका. आठ ग्लास पाण्याचंही असंच. १९४५च्या एका अमेरिकन शिफारशीत दिवसाला अडीच लिटर पाणी म्हटलं होतं, आणि लगेच पुढच्या वाक्यात त्यातलं बहुतेक अन्नातूनच मिळतं असंही. लोकांनी पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडलं. आमटी, ताक, काकडी, चहा, सगळं धरा. किडनी स्टोन किंवा हृदयाचं दुखणं असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचंच ऐकायचं.

एक प्रश्न गमतीचा नाही, तरी मी तो प्रत्येक कार्यक्रमात घुसवते. वर्षाच्या आतल्या बाळाला स्वयंपाकघरातली कुठली गोडगोड गोष्ट देऊ नये? मध. त्यात बोट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बारशाच्या आधी मध-सोनं चाटवणाऱ्या घरात हे सांगणं म्हणजे रोष ओढवून घेणं. मी म्हणते, सोनं बाळाच्या नावाने बँकेत ठेवा आणि मध वर्षभर थांबू दे.

पोरांसाठी सगळ्यात चांगला प्रश्न खिशातच आहे. एक नोट काढायला लावा. ती कशाची आहे? कागदाची नाही, कापसाची. म्हणून खिशात चुकून धुतली तरी लगदा होत नाही. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसचा उल्लेख इथे करा, बऱ्याच घरांतून कुणीतरी तिथे नोकरीला असतं. मग नोटेची मागची बाजू. तिथल्या पट्ट्यात किती भाषा? पंधरा. मराठी कितवी? आठवी. इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने लावल्यामुळे मराठी बरोबर मध्ये येते, वर सात, खाली सात. सगळी गच्ची मोबाइलचे टॉर्च लावून नोटा वाचत बसते, ते दृश्य फार गोड असतं.

बरोबरी झाली तर हाताशी अंदाजाचा प्रश्न हवा, ज्याचं उत्तर जवळात जवळचं तो जिंकला. त्यासाठी चंद्र सूर्यापेक्षा किती पट मंद, हा आकडा सुरुवातीला सांगून टाकू नका, ‘फार मंद’ एवढंच म्हणा आणि चार लाख शेवटापर्यंत राखून ठेवा. आणि बक्षीस मसाला दुधाचा जास्तीचा ग्लास असं ठेवू नका. अकरा वाजेपर्यंत पातेल्याच्या तळाला फक्त चारोळ्या राहिलेल्या असतात. अर्धा किलो चिवडा द्या.